हुशार ठरलेली सानिया

"मॅडम, मी हुशार आहो ना? मंग अभ्यास कायले करू?"

सानियानं हे विचारलं तेव्हा तिच्या हातात चाचणीचा पेपर होता. वीसपैकी चार. मागच्या वेळी सहा होते.

मी आर्णीच्या एका शाळेत नववीला गणित शिकवते. सानियाला हुशार मीच ठरवलं होतं. त्याआधी फळ्याजवळ बोलावलं की ती जागेवरूनच सांगायची, "मले गणित येतच नाही." तेवढ्यात आमचं ट्रेनिंग झालं. तिथे 'सेल्फ-कन्सेप्ट' समजावला. म्हणजे अभ्यासात मूल स्वतःला काय समजतं, ते. ते सुधारलं की मार्क वाढतात, असं सांगितलं. मी रोज भर वर्गात म्हणू लागले, "सानिया, तू हुशार आहेस." तिला ते पटलं. पटल्यावर तिनं पुस्तक मिटून ठेवलं.

हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, ट्रेनिंग उलटं लागू झालं काय?"

मला हसू आलं नाही. कारण सानियाचे वडील, टू-व्हीलर मेकॅनिक रफिकभाई, शाळेत येऊन बसले होते.

"नापास झाली तं उमरखेडले खालाकडे धाडतो," ते म्हणाले. खाला म्हणजे मावशी. "शिलाई तरी शिकन."

सानिया खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत राहिली.

"सहामाहीपर्यंत थांबा," मी म्हटलं. ते नाखुशीनं हो म्हणाले.

मी कौतुक बंद केलं. तिला पाचवीतले अपूर्णांक दिले.

"हे तं लहान पोराइचं हाये," ती रुसली.

"मग सोडव."

पहिली दोन सुटली. तिसरं चुकलं, पण चूक तिनंच शोधली. मग मी थोडी अवघड दिली. जमलं की ती आणखी मागायची. मागायची, म्हणून आणखी जमायचं. एकदा मधल्या सुट्टीत डबा सोडून स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, फळ्यावरचं तुमचं उत्तर चुकलं."

खरंच चुकलं होतं. हेडमास्तर चहा पिता पिता सगळं ऐकत होते.

सहामाहीत सानिया चांगल्या मार्कांनी पास झाली. रफिकभाई ग्रीसचे हात पुसत शाळेत आले.

"मॅडम, पोरगी माह्यावर गेली."

"तुम्हाला गणित यायचं?"

"नाही जी. पण आलं असतं, असं आता वाटून राह्यलं."

उमरखेडचा विषय कुणी काढला नाही. तेव्हापासून कुणालाही हुशार म्हणण्याआधी मी त्याला सुटेल असं एक उदाहरण देते. ते सुटलं की मला फारसं बोलावं लागत नाही.