बेलापूरच्या बाईंचा रेडिओ आणि पुन्हा पुन्हा मारलेला रिसेट

बेलापूरला चाललोय म्हटलं की पुण्यात लोक नवी मुंबईचा रस्ता सांगू लागतात. ते नव्हे हो, हे श्रीरामपूरजवळचं, प्रवरेकाठचं. रेल्वेने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा, बेलापूर नावाच्या स्टेशनवर उतरलात की तुम्ही श्रीरामपुरात असता. गावाला तिथून रिक्षा करावी लागते. मी गाडीनेच गेलो, कारण मागच्या सीटवर रेडिओ, वायरी, लॅपटॉप असा सगळा संसार होता.

आम्ही हॅम, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना घेऊन घरातून बिनतारी गप्पा मारणारी माणसं. दर रविवारी सकाळी रेडिओवर आमचं 'नेट' भरतं. एकजण हजेरी घेतो आणि ज्याला त्याला बोलायची पाळी देतो. हे काम कित्येक वर्षं बेलापूरच्या बाई करतात. भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. काचबिंदूने त्यांची नजर गेली, पण नेट चुकलं नाही. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र घरच्या माणसासारखा ओळखीचा.

दोन रविवार बाई आल्या नाहीत. मग त्यांच्या मुलाचा, सागरचा, फोन आला. रेडिओ बोलायचा बंद झाला होता. (बाईंच्या सेटला बटण दाबलं की तो फ्रिक्वेन्सी बोलून दाखवतो.) सागरने व्हिडिओ बघून दोन बटणं दाबून धरली, सेट चालू केला आणि फॅक्टरी रिसेट मारला. बाईंनी बसवलेलं सगळं साफ!

"आई इकून टाका म्हनती," सागर म्हणाला. "दुसऱ्यानं लावून दिलेला रेडिओ मला नको, म्हनती. काका, तुमच्याकडं तसाच सेट हाय ना? या की."

शनिवारी पहाटे निघालो. शिक्रापूरची गर्दी सुरू व्हायच्या आत पार करा, नाहीतर बसा. सुप्याला मिसळ खाल्ली, रस्सा जहाल आणि पाव ताजा. पाटीवर आता अहिल्यानगर असलं तरी टपरीवर सगळे नगरच म्हणत होते. विळद घाटानंतर रस्त्याने माझी हाडं मोजून घेतली. त्यात उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकामागे दोन ट्रॉल्या. ओव्हरटेकची घाई करू नका. राहुरी फॅक्टरीपाशी उजवीकडे वळलं की देवळाली प्रवरामार्गे बेलापूर, हा शेवटचा टप्पा तेवढा सुखाचा आहे.

सागरचं पंप दुरुस्तीचं दुकान खाली, बाई वरच्या खोलीत. खिडकीतून अँटेनेची वायर समोरच्या लिंबाच्या झाडावर गेलेली. टेबलावर सेट, आणि त्याच्या बटणांवर चक्क टिकल्या! कुठे मखमली, कुठे खड्याची, आवाजाच्या बटणावर एक भलीमोठी.

"मकरंद ना? जिन्यावर खोकलास तेव्हाच ओळखलं," बाई म्हणाल्या. "बस. चहा घे, मग बघू काय जादू आणलीयेस."

जादू म्हणजे एक मेमरी कार्ड. माझ्या सेटची सगळी सेटिंग मी त्यावर भरून आणली होती. मॉडेल एकच, तेव्हा कार्ड घाला, लोड करा, संपलं काम. तसं केलंही. अँटेना काढून डमी लोड लावला, म्हणजे काही चुकलं तरी हवेत जायला नको. बाईंनी सवयीने खड्याची टिकली दाबली. तिथे त्यांनी स्वतःच्या आवाजात हाक भरून ठेवलेली असायची.

सेटमधून मी बोललो. माझा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, माझा पुणेरी सूर, एकदम खणखणीत.

सागर फस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत.

"अरे, माझ्या डब्यात तू कसा काय शिरलास?"

आपण केवढे बावळट आहोत ते मला त्या क्षणी कळलं. कार्डाबरोबर माझी बटणं, माझ्या सवयी, माझा आवाज, सगळंच आलं होतं. बाईंनी आणखी दोन-तीन टिकल्या दाबून पाहिल्या. कुठलंच बटण त्यांचं उरलं नव्हतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"बाई, एकेक करून मी बदलून देतो."

"नको. पुसून टाक. रिसेट मार."

"परत?" सागर दचकला. "आई, अगं त्यानंच तर वाट लागली हुती!"

"तू मारलास म्हणून वाट लागली. मला सांगून मारला असतास तर मी शांत बसले असते." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "तुझ्या सेटिंगमध्ये मी कुठे उभी आहे ते मला समजत नाही. कारखान्यातून आला तसा असला की मेनू पहिल्या पायरीवर असतो. तिथून खटके मोजत कुठेही जाता येतं. तू फक्त कितव्या खटक्यावर काय आहे ते वाच. हात लावायचा नाही."

रिसेट त्यांनीच मारला. मी सेटचं पुस्तक उघडून वाचत गेलो. बाई नॉब फिरवत, ओठांत खटके मोजत. पहिल्यांदा बीपचा आवाज मोठा केला, म्हणजे पुढचा प्रत्येक खटका कानाला कळेल. मग बोलणारा आवाज. कारखान्यातून तो शून्यावरच येतो. मुळातही तो चुकून शून्यावर गेला असणार, दुखणं तेवढंच. एकदा खटका चुकला, भलतंच काहीतरी बदललं. मी हात पुढे केला, तशा म्हणाल्या, "दिसतंय हं मला." आणि पुन्हा रिसेट मारून पहिल्यापासून सुरुवात!

मध्ये जेवण झालं. सागरने वाढलेलं हुलग्याचं शेंगोळं, बाजरीची भाकरी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. या बाजूला आलात तर शेंगोळं मागून खा, हॉटेलात सहसा मिळत नाही.

संध्याकाळपर्यंत सेट लागला. निघताना बाई म्हणाल्या, "उद्या नेटला तू इथे नको. तू असलास की मी तुला विचारत बसेन." मी श्रीरामपुरात स्टेशनजवळ लॉज घेतला. खोली स्वच्छ, पण डास फार.

रविवारी परतताना राहुरीच्या पुढे कालव्याकाठी थांबलो, बाभळीवर वायर टाकली आणि गाडीत बसून माझा छोटा सेट लावला. वेळ झाली. नुसती खरखर. एकाने विचारलं, "बाई आल्यात का?" पुन्हा खरखर. मी आवाज वाढवला. नुसता ऐकत बसलो, दुसरं काय करणार? शेवटी दुसराच कुणीतरी म्हणाला, "बाई दिसत नाहीत, तर आजपासून मीच हजेरी घेतो."

"थांबा," बाईंचा आवाज आला. "मी आहे. रांगेत या."

मी स्टिअरिंगवर हात आपटला. एकटाच होतो, तरी मोठ्यांदा 'वा!' म्हणालो. माझी पाळी आल्यावर म्हटलं, बाई कौतुक करतील. त्या म्हणाल्या, "मकरंद, आवाज फाटतोय. माईक गेन कमी करा. पुढचे या." सगळ्यांसमोर! गेन खरंच जास्त होता.

घरी येऊन आता चार दिवस झाले. कुणी विचारलं, बेलापूरला बघण्यासारखं काय, तर मी नदी आणि लिंबाचं झाड सांगतो. बाकी सांगणं अवघड आहे. आपण मदत करायला जातो म्हणजे बहुतेक वेळा आपलंच घर दुसऱ्याच्या घरात मांडायला जातो, एवढं मला त्या खोलीत बसून समजलं. खरं तर अजून थोडी लाज वाटते.

मघाशी सागरचा फोन आला होता.

"काका, आईनं परत रिसेट मारला."

"अरे! कशासाठी?"

"म्हनली, कुनी वाचून न देता येतंय का बघायचं हुतं. मी दुकानातनं वर गेलो तर दाराला आतून कडी, आन आत नुसतं टिकटिक टिकटिक. लई येळ."

"मग? लागला का?"

"लागला की! बाहीर आली आन मला म्हनली, बघतोस काय, च्या टाक."