गुलनारची बदकं डोमाजीच्या छपरीत

धुक्याची धुवारी जमिनीलगत इतकी दाट होती की अंगणातल्या लिंबाचा शेंडा दिसत होता आणि बुडखा दिसत नव्हता. आता तुरीचा फुलोरा गळते, असं स्वतःशीच बोलत डोमाजीनं गोठ्यातलं शेण भरलं, टोपली उकिरड्यावर पालथी केली, गाय पिळली आणि चुलीवर पाणी ठेवलं. हे सगळं करताना त्याचे कान मागच्या छपरीकडं होते. गुलनारची बदकं तिथं आल्यापासून उजाडायच्या आतच असा कलकलाट व्हायचा की विमलताई अंथरुणातून शिव्या देतच उठायची. आज तिकडं गपगार होतं.

विमलताई म्हणजे त्याची बायको. चुलीपुढून ती म्हणाली की थंडीनं गारठले असतील, पडू द्या जरा. डोमाजीला ते पटलं नाही. गारठायचं कामच नव्हतं. त्यानं बंदोबस्तच तसा केला होता.

घाटंजीच्या अलीकडच्या त्या गावात डोमाजीची शेती बेताची, पण जनावरात हात मोठा. अडलेली बकरी मोकळी करायची असो की खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची असो, बोलावणं त्यालाच. गावाला जाणारा माणूस घराची किल्ली भावाकडं देई आणि शेळी-कोंबडी डोमाजीकडं. आपल्या हातानं कधी जीव दगावला नाही, हे तो कोणाला सांगत नसे, कारण सांगायची गरजच पडत नसे. गावच सांगत असे. घरी आलेल्या मुक्या पाहुण्याला आधी अंथरूण, मग दाणा, ही त्याची रीत. विमलताई म्हणायची की माह्या माहेरचा माणूस आला तर त्याले सतरंजी शोधा लागते, अन् बोकडाले आल्या आल्या गादी.

गुलनार चार घरं सोडून राहणारी. तिचा नवरा निजामुद्दीन शेतातल्या मोटारी दुरुस्त करायचा. लेक रुबीना पांढरकवड्याला बाळंतपणाला टेकली, तसे नवराबायको दोघंही निघाले. घरात मागं उरली ती सहा बदकं, पाच माद्या आणि एक नर. एवढीएवढी असताना गुलनारनं ती खोक्यात बल्ब लावून वाढवली होती. रात्री उठून उठून पाहायची. तिच्या सख्ख्या जावेनं मागितली तर तिलाही एक दिलं नव्हतं. ती स्वतः बदकं घेऊन डोमाजीकडं आली आणि सगळं नीट सांगून गेली. कणकी अन् कोंडा भिजवूनच घालायचा. खाताना शेजारी पाण्याचं घमेलं पाहिजेच, तेही नाकपुड्या बुडतील एवढं खोल. कोंबडीसारखे कोरडे दाणे टाकले तर गळ्यात अडकतात. रात्री बंद करायचं, कुत्री फार झाली आहेत. अन् खाली गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, टाकायचा, ओला झाला की बदलायचा.

"डोमाजीभाऊ, दुसऱ्या कोणाच्या भरोशावर मी गेलीच नसती," असं म्हणून ती गाडीत बसली होती. आज दुपारी ती परत यायची होती.

डोमाजीनं छपरीची फळी काढली आणि तो तिथंच उभा राहिला. दारातच एक मादी आडवी पडली होती, मान लांब करून, कोणी ओढून ठेवावी तशी. तिला हात लावला तर ती लाकडासारखी. आतली बाकीची बसून होती. नर चोच उघडी टाकून मान पुढं-मागं करत होता, जसं काही गिळायचं आहे आणि गिळता येत नाही. एरवी फळी हलली की पायात येणारी ती बदकं जागची उठली नाहीत. विताना गाय मेलेली पाहिलेला माणूस तो, पण या मेल्या बदकावरचा हात त्याला काढता येईना.

मग एकदम त्याला देवीलाल आठवला. देवीलालचं घर छपरीला लागूनच. बदकांचं घाण पाणी त्याच्या दारापुढून वाहायचं, आणि परवाच तो कुंपणावरून म्हणाला होता की तुमच्या ह्या पाहुण्याइले एक दिवस मी औषधच पाजतो. तेव्हा सगळे हसले होते. डोमाजीही हसला होता.

आता तो तसाच अनवाणी देवीलालच्या दारात गेला. देवीलाल दात घासत होता, त्याची म्हातारी माय उन्हाची वाट पाहत ओट्यावर बसली होती. तिच्यादेखत डोमाजीनं विचारलं.

"काय टाकलं तू त्याइच्या पाण्यात?"

देवीलालला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो भांडला नाही. चूळ भरली, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि "चाल, पाहू दे मले," एवढं बोलून डोमाजीच्या पुढं चालू लागला. त्याची म्हातारी मात्र मागून बोलतच होती की माहा पोरगा तोंडाचा वाईट आहे, हाताचा नाही.

छपरीत वाकून देवीलालनं नराला दोन्ही हातांनी उचललं. उजेडाकडं तोंड केलं. नराच्या चोचीच्या कडेला एक पांढरा धागा लोंबत होता, लाळेनं भिजलेला.

"भाऊ," देवीलाल हळूच म्हणाला, "हे काय होय?"

डोमाजीनं धागा पाहिला. मग खाली पाहिलं. छपरीत गव्हांडा नव्हताच. होता तो कापूस. पहिल्या वेच्याचा, पांढराशुभ्र, सरकीसकट. घरातल्या पुढच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत कापसाचा ढीग पडला होता. पाच दिवसांमागं थंडी वाढली तशी डोमाजीच्या मनात आलं, लोकाचं लाडाचं पाखरू, त्याले गव्हांडा टोचंल. अन् टोपलं भरून त्यानं कापूस आणून अंथरला होता, हातानं मोकळा करून करून. विमलताईनं विचारलं होतं, कापूस कायले? तर तो म्हणाला होता, तुले नाही समजत.

बदकानं सरकी पाहिली. सरकीमागं बोंडाचा धागा आला, धाग्यामागं आणखी धागा. ओल्या चोचीला कापूस चिकटला आणि आत गेला. बाहेर यायला त्याला वाट नव्हती.

देवीलालनं धागा धरला तशी विमलताई, जी आता मागं येऊन उभी होती, ओरडली नाही पण त्याचा हात तिनं जोरात पकडला. "ओढू नोका. आतून फाटंल." तिनं देवीलालला घाटंजीच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायला लावला. डॉक्टरही तेच म्हणाला. ओढू नका, गोडं तेल थोडं थोडं सोडा, मान खालून वर हलक्यानं चोळा, मी येतो.

तो मोटारसायकलवर येईपर्यंत तिघं जमिनीवर बसून एकेका बदकाची मान चोळत होते. डोमाजीच्या मांडीवर होती ती मादी त्याच्या बोटांखालीच निपचित झाली. त्याला कळलं, तरी तो चोळत राहिला. शेवटी विमलताईनं ती त्याच्याकडून काढून घेतली.

दोन माद्यांचा गोळा तेलानं सुटला. तिसरीनं फार खाल्लंच नव्हतं. नराला डॉक्टरनं सुई देऊन मानेला चीर दिली आणि चिमट्यानं जे बाहेर काढलं ते लिंबाएवढं होतं, भुरकट, पिळलेलं, मधे मधे काळ्या सरक्या. एवढ्याशा मानेत एवढं. देवीलाल तोंडावर हात ठेवून मागं सरकला. डॉक्टरनं टाके घालता घालता सहज विचारलं की कापूस कोणी टाकला.

"मीनं," डोमाजी म्हणाला. त्यानं तो गोळा हातात घेतला होता. आपल्याच शेतातला कापूस त्याला ओळखू येत नव्हता.

देवीलाल जायला निघाला तेव्हा डोमाजी त्याच्यापुढं हात जोडून उभा राहिला. देवीलाल म्हणाला, "माह्या मायले सांगून दे येऊन. मले नाही सांगितलं तरी चालते."

गुलनार दुपारी आली ती पेढ्याची पुडी घेऊनच. रुबीनाला मुलगी झाली होती. डोमाजीनं पुडी घेतली नाही. दोन मेलेली बदकं त्यानं ओट्यावर फडक्याखाली ठेवली होती. फडकं बाजूला केलं आणि सगळं सांगितलं, कापसापासून देवीलालपर्यंत, काही न सोडता. गुलनारनं उभ्यानंच ऐकलं. मग ती छपरीत गेली, उरलेल्या एकेकीची मान अंगठ्यानं चाचपली, नराच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. पुडी तिच्या काखेत चुरगळून गेली होती.

"मी गव्हांडा सांगितलता," ती म्हणाली.

"हो बाई. मले वाटलं टोचंल."

रडायला गुलनारचं तोंड वाकडं झालं आणि मधेच कसंनुसं हसूही आलं, तिचं तिलाच ते नको होतं. विमलताईनं तिला पाणी दिलं. डॉक्टरनं नराला चार दिवस हलवू नका म्हटल्याचंही विमलताईनंच सांगितलं. गुलनार बदकं उचलून नेणार, हे डोमाजीनं धरलंच होतं. पाट्या तयार ठेवल्या होत्या.

गुलनारनं ओढणीनं तोंड पुसलं.

"हलवायचं नाही म्हटलं त् राहू द्या इथंच. एकट्या नराले ठेवलं त् तो खाणार नाही, चौघंही राहू द्या." छपरीच्या दारात ती थांबली. "पण कापूस माह्यासमोर उचला, डोमाजीभाऊ. सरकी एक राहिली नाही पाहिजे."

डोमाजीनं उचलला. गुडघ्यावर बसून, कोपऱ्याकोपऱ्यात बोटं घालून, चिमूट चिमूट. गुलनार उभी राहून पाहत होती आणि राहिलेलं बोटानं दाखवत होती. झाल्यावर तिनं स्वतः वाकून जमिनीवर हात फिरवला, मेलेल्या दोघी फडक्यात बांधल्या आणि त्या घेऊन घरी गेली. पेढ्याची पुडी ओट्यावर राहिली.

धुवारी केव्हाच विरली होती. रानातून डोमाजीच्या बकऱ्या घरी आल्या होत्या अन् दारात एकमेकींना ढुसण्या देत होत्या. डोमाजीनं हात धुतले. देवीलालच्या मायकडं जायचं राहिलं होतं, त्याआधी त्यानं खुंटीवरची दावी काढली आणि एकेकीला बांधायला घेतलं.