विचारलं होतं

आमच्याकडे ‘हव’ म्हणजे ‘हो’. पण ‘ऐकून राह्यलो, बोला’ म्हणजेही हव, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं, कटकट नको’ म्हणजेही हवच. मी केळझरजवळच्या खेड्यातली. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आणि नेमकी मीच त्यात तोंडावर आपटले.

वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. त्या सकाळी जोडीची सिस्टर आलीच नव्हती, अख्खा वॉर्ड माझ्या गळ्यात, डोकं तापलेलं. डोकं तापलं की माझे हात भराभर चालतात आणि कान बंद पडतात. पायाची जखम चिघळून एक आजी भरती झाली होती. तिला सलाईनमधून अँटिबायोटिक द्यायचं होतं. त्याआधी ॲलर्जी विचारायची, हा आमचा पहिला धडा. मीही विचारलं. बाटली अडकवता अडकवता, तिच्याकडे न बघता.

“आजी, कोणत्या औषधाची ॲलर्जी नाही ना?”

“हव,” आजी म्हणाली.

आता हे ‘हव, आहे’ की ‘हव, नाही’? ॲलर्जी हा शब्द तरी तिला कळला होता का? कोणत्या औषधानं कधी अंगावर गांधी उठल्या का, दम लागला का, असं आपल्या आईला विचारतो तसं विचारायला कितीसा वेळ लागला असता? मी कागदावर ‘नाही’ लिहिलं आणि औषध सुरू केलं.

पाचेक मिनिटांत आजी मान खाजवायला लागली. मग ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. मी औषध बंद करून डॉक्टरांना ओरडून बोलावलं. त्यांनी मांडीत इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. माझ्या हातून म्हातारी जाते, एवढंच डोक्यात. बऱ्याच वेळानं तिचा श्वास सरळ झाला.

डॉक्टर माझ्यावर चिडले. ॲलर्जीचं विचारलं नव्हतं का, म्हणाले.

“विचारलं होतं सर. आजींनीच नाही म्हणून सांगितलं.”

आजीनं ‘नाही’ हा शब्द तोंडातून काढलाच नव्हता. तो माझा होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आजीची मुलगी तिथंच उभी होती. ती आईवर उखडली. गावच्या डॉक्टरच्या सुईनं मागं असंच झालतं, ते काऊन नाई सांगितलं, जीव गेला असता म्हणजे? ती सगळी बोलणी माझी होती. मी ती आजीला खाऊ दिली. एका वाक्याचं काम होतं, पण मी सलाईनची नळी गुंडाळत राहिले.

आजीनं मास्क जरा बाजूला केला.

“मले ते समजलंच नाई. इचाराव म्हटलं, पन बाई लई घाईत होती.” मग तिनं माझ्याकडे बघून हात जोडले. “माफ करजो माय. माह्यापायी तुले आयकून घ्या लागलं.”

लाजेनं मेल्यासारखं झालं मला. तरी खरं बोलले नाही. “आता बोलू नका आजी, दम लागेल,” म्हणत मी तो मास्क तिच्या तोंडावर नीट बसवला. मुलगी म्हणाली, किती जीव लावता हो तुम्ही पेशंटले.