शनिवारी गेलेली खुर्ची

"तिथं नको बसू, दादा. ती रिकामी न्हाय."

हे वाक्य मी काकांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. बोलताना ते उजवा हात आडवा धरायचे, एसटीचा कंडक्टर गाडी भरल्यावर दारात धरतो तसा. गिऱ्हाईक चमकून खुर्चीकडे पाही. खुर्चीवर तर चिटपाखरू नाही. मग तो आजूबाजूला पाही, कुणी उठून गेलंय का म्हणून. शेवटी काकांकडे पाही, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना म्हणून. तोवर काकांनी त्याच्या बुडाखाली एखादं स्टूल सरकवलेलं असे.

रेवदंड्याला खाडीच्या अंगाला काकांची वखार होती. पूर्वी तिथे भात साठवत. पुढे भात येईनासा झाला आणि लोकांचे संसार येऊ लागले. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो. संध्याकाळी जायला दुसरी जागा नव्हती, म्हणून वखारीत जायचो. जुन्या बाजाराचा नाद ज्यांना आहे त्यांना मी काय सांगणार? आपण तिथे वस्तू घ्यायला जात नाही. दुसऱ्याच्या घरात काय काय होतं आणि त्याच्यावर ते विकायची पाळी कशी आली, हे चाचपायला जातो. तुम्ही कबूल करा किंवा करू नका.

आणि तेव्हा पाळी सगळ्यांवरच आलेली होती. नवाबाचं राज्य गेलं तशा मुरुडच्या कारभाऱ्यांच्या घरांतल्या हंड्या आणि झुंबरं आली. गोरे साहेब गेले तशा त्यांच्या वेताच्या आरामखुर्च्या आल्या. मुंबईला बिऱ्हाड केलेल्यांच्या घडवंच्या, चार खांबांचे पलंग, बंद पडलेली घड्याळं, ग्रामोफोनचा नुसताच कर्णा. कौलांतून येणाऱ्या तिरप्या उन्हात सगळं एकावर एक रचलेलं असायचं आणि मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच वाट.

काका विक्रेता म्हणून अगदी कुचकामी. एकदा एका पाटलाने साहेबाच्या बंगल्यातली एक भक्कम खुर्ची पसंत केली. मुलाच्या लग्नात नवरदेवाला बसवायला. बैठकीला मधोमध गोल भोक होतं आणि वर झाकण. "हे कशाला?" पाटलाने विचारलं. काकांचा पुतण्या गल्ल्यावर होता. तो म्हणाला, "हवा खेळायला. साहेबलोकांना उकडतं फार." पाटील खूश. खुर्ची बैलगाडीत चढली, गाडी वळणापर्यंत गेली, आणि काका धोतर सावरत मागून धावत सुटले. गाडी थांबवून साहेब रोज सकाळी त्या भोकावर कशाला बसायचा ते पाटलाच्या कानात सांगितलं. पाटील जो उतरला तो हसून हसून रस्त्यावरच बसला. पुतण्या मात्र हसला नाही. "अशानं धंदा होतो का, काका?" एवढंच म्हणाला.

काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे यहुदी. आमचा गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पिढ्यान्‌पिढ्या घाण्याचा धंदा, आणि शनिवारी बैल सोडलेला, घाणा बंद. शब्बाथ. त्या दिवशी काका पैशाला शिवत नसत, चूल पेटवत नसत आणि धंद्यातलं एक अक्षर तोंडातून काढत नसत. शुक्रवारी दिवस मावळला की सौद्याचं अर्धं वाक्यसुद्धा तिथेच ठेवायचे, ते शनिवारी चांदण्या दिसल्यावर पुरं करायचे. गावात त्याची थट्टा व्हायची. आता वाटतं, आपल्यापैकी कुणी आठवड्यातून एक दिवस तरी तोंडाला असं कुलूप घातलं असतं तर गावाचं भलंच झालं असतं.

तिकडे त्यांच्या लोकांचा नवा देश झाला आणि इकडची घरं एकामागून एक रिकामी होऊ लागली. जाणारे सामान काकांच्या वखारीत टाकून जात. म्हणजे काय झालं बघा, स्वतःच्या आळीचे संसार या माणसाने स्वतःच्या हाताने रचून ठेवले आणि विकले. कपाट घ्यायला आलेल्याला सांगायचे, "ह्यात आमच्या मावशीचं लोणचं असायचं. वास न्हाय जायाचा, आधीच सांगतो." गिऱ्हाईक निम्म्या वेळा परत जाई. मला वाटतं त्यांना तेच हवं असायचं.

काका जिच्यासाठी हात आडवा धरायचे ती खुर्ची त्यांच्या प्रार्थनामंदिरातली. ते त्याला मशीदच म्हणत. काळ्या शिसवीची, उंच पाठीची, पायही चांगलेच उंच. एलियाहू हनाबी हा त्यांचा संत, त्याची ती बैठक. मुलाची सुंता व्हायची तेव्हा बाळ आधी तिच्यावर ठेवत. एरवी तिच्यावर कुणी बसायचं नाही. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहाचे नऊ झाले तेव्हा मशिदीला कुलूप लागलं. पुढच्या पावसाळ्यात छप्पर गळू लागलं म्हणून खुर्ची वखारीत आली. काका रोज तिच्यावर फडकं मारायचे आणि शनिवारी तिच्याजवळ स्टुलावर बसून तोंडपाठ हिब्रू म्हणायचे. अर्थ त्यांना येत नव्हता. मराठीशिवाय त्यांना दुसरी भाषाच येत नव्हती.

दोघे मुलगे तिकडे गेले होते आणि बापाला सारखे बोलावत होते. काकी वारलेल्या. मी एकदा विचारलं, "का जात नाही, काका?"

"खुर्ची कुणाच्या जिवावर टाकू?"

"घेऊन जा की बरोबर."

"अवो मास्तर, ती इथली हाय. हनाबी रथातून आभाळात गेला तो ह्या आपल्या इथल्या खंडाळ्याच्या कातळावरून, घाटातल्या न्हवं. रथाच्या चाकाची खूण हाय तिथं, जाऊन बघा. उद्या परत आला तर बसंल कुठं?"



म्हणजे काका या किनाऱ्यावर राहिले होते ते त्या एका खुर्चीसाठी. हे मला ठाऊक होतं, तसंच पुतण्यालाही ठाऊक होतं. भावाचा पोरगा. भाऊ गेल्यावर काकांनी त्याला पोटच्या पोरासारखा वाढवला. त्याला त्या वखारीत बर्फाचा कारखाना काढायचा होता. मासळीला बर्फ लागतो, बंदर वाढणार, त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण म्हातारा हलत नव्हता, आणि म्हातारा हलेपर्यंत वखार हलत नव्हती. त्याला शब्बाथबिब्बाथ काही नव्हतं. त्याने काकांच्या मागे लागून शनिवारी वखारीचं एक दार उघडं ठेवायला सुरुवात केली. "लोक नुसतं बघतील. बघणं म्हंजे काय धंदा हाय?" काकांनी विचार करून मान हलवली. तिथेच फसले.

एका शनिवारी दुपारी मुंबईचा एक शेट आला. आमच्या किनाऱ्यावर तो बंगला बांधत होता आणि व्हरांड्यात ठेवायला जुन्या चिजा शोधत होता. मी तिथेच एक घड्याळ न्याहाळत होतो. शेटची नजर खुर्चीवर गेली आणि तो सरळ जाऊन बसला. काकांचा हात आडवा व्हायच्या आधीच. काका स्टुलावरून उठले आणि हात जोडून उभे राहिले. हात जोडले ते शेटला नव्हते, पण शेट मानेने म्हणाला, बसा बसा.

"किती उंच आहे! पण लाकूड फर्स्टक्लास. द्यायची का?"

"द्यायचीच की," पुतण्या म्हणाला.

मला राहवलं नाही. "अरे, ती विकाऊ नाही. तुला माहीत आहे."

"मास्तर, तुमचा काय संबंध? आमच्या जमातीची वस्तू. जमातीत आता हायच कोण इचारायला?" मग तो काकांकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम गोड झाला. "काका हायत ना समोर. काकांनी निस्तं न्हाय म्हनावं. लगेच थांबतो."

मी म्हटलं, "काका, म्हणा. एक शब्द म्हणा." शेटही बघू लागला. तो काही वाईट माणूस नव्हता. एक 'नाही' ऐकलं असतं तर उठून गेला असता. काकांनी पुतण्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. शेमा, म्हणजे त्यांची रोजची प्रार्थना, म्हणत होते. तेवढ्यात नोटा निघाल्या, दोन गडी आले, आणि खुर्ची त्या अरुंद वाटेतून आडवी होऊन गेली.

त्या रात्री मी जेवलो नाही. पुतण्याचा राग होताच, पण काकांचाही आला. रविवारी सकाळी गेलो आणि वाट्टेल ते बोललो. धर्म धर्म म्हणून माणसाने इतकं बावळट व्हावं? एक शब्द गेला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शब्बाथला न्हाय म्हनलं तरी तो बाजारच की, मास्तर. खुर्चीसाठी शब्बाथ मोडायचा, मग खुर्ची ठेवून करू काय?"

मला तेव्हा ते पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. पण ते पुतण्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने शनिवार निवडला. परक्याला हे जमलं नसतं. माणूस कुठे मऊ आहे ते घरच्यालाच कळतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी वर्गात पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो.

आम्ही दोघं तसेच बंगल्यावर गेलो. काकांनी चक्क भाव काढला, दुप्पट देतो म्हणाले. शेटने हकीकत ऐकली आणि तो ओशाळला. "पैसे नकोत. घेऊन जा काका, पण..." असं म्हणून त्याने मागच्या अंगणाकडे बोट केलं. तिथे सुतार बसला होता. बसायला उंच पडते म्हणून खुर्चीचे चारी पाय त्याने वीतभर कापले होते. भुश्शात ते तुकडे पडले होते.

काका खाली बसले. कापलेल्या पायांवरून त्यांनी बोट फिरवलं. करवतलेलं लाकूड आत लालसर होतं.

"राहू दे," ते म्हणाले. "लाकूड हाय आता निस्तं."

परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. येतो म्हणून पोरांना कळवायला हवं, म्हणाले.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पुतण्याने कागदपत्रांसाठी इतकी धावपळ केली की गाव त्याची वाहवा करू लागला. बघा, पोटचा नसून म्हाताऱ्याचं किती करतो! काकांनी वखार त्याच्या नावावर करायच्या कागदावर अंगठा देऊन टाकला. पुतण्याला एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटतं, बोलले असते तर त्याला जरा बरं वाटलं असतं. निघायच्या आधी त्यांनी मलिदा केला, गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं. त्यांच्यात प्रवासाला निघताना करतात. बशी घेऊन ते स्वतः माझ्या घरी आले. पोहे अगदी गोड होते.

रेवसला पोचवायला मी गेलो. भाऊच्या धक्क्याची लाँच लागली होती. सामान म्हणजे एक ट्रंक आणि एक वळकटी. हयातभर दुनियेचे पलंग आणि कपाटं हाताळलेल्या माणसाचं एवढंच. पुतण्या रडत होता. नाटक नव्हतं ते, खरंच रडत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. असल्या माणसांना रडूही खरं येतं.

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तिथे तुमची सगळी माणसं आहेत, काका. बरं वाटेल."

"तिथं मला तेली कोन म्हननार न्हाय."

"मग चांगलंच की. इथे त्या नावाने हिणवायचेच ना लोक?"

"हिनवायचे," ते म्हणाले. "पन वळखायचे."

लाँचने भोंगा दिला. फळीवरून जाताना खलाशाने त्यांचा हात धरला. आत जागा होती, पण ते बसले नाहीत. काठाकडे तोंड करून कठड्याला धरून उभे राहिले. पाणी कापत लाँच लहान होत गेली.

ट्रंक उचलून देणारा हमाल मजुरीसाठी थांबला होता. "कोन गेलं शेट?" त्याने पुतण्याला विचारलं.

पुतण्याने बाहीने डोळे पुसले आणि खिशात हात घातला.

"कोन न्हाय," तो म्हणाला. "आमच्या वखारीत एक म्हातारा होता."