आर्द्रेचा घेर

नोकरी सुटते, किस्से सुटत नाहीत. सत्तरच्या सुमारास मी खालापूरजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. तिथे सायन्सला पाटणकर सर होते. गावाला आर्द्रा म्हणजे पावसाचं नक्षत्र. सरांना ती सूर्याच्या शेकडो पट रुंद असलेली लाल तारका.

*

सूर्य लिंबाएवढा धरला तर आर्द्रा केवढी, हे दाखवायला सरांनी चुन्याचं वर्तुळ आखायला घेतलं. मैदान संपलं. रेघ शेजारच्या तुकाराम ठोंबऱ्याच्या खळ्यात शिरली. तुकाराम भात पाखडायचं सोडून आला.

"गुरुजी, ही हद्द कसली?"

"ताऱ्याची."

"तारा मोठा हाय, कबूल. पन खळं माजं हाय."

सरांनी लिंबू खिशात टाकलं आणि वर्गाला म्हणाले, "सूर्य हरभऱ्याएवढा धरा."

*

लाल तारा निळ्यापेक्षा थंड असतो, हे मुलांना पटेना. सर वर्ग घेऊन लोहाराकडे गेले. त्याने भट्टीतून लालभडक फाळ काढला.

"नुसता लाल हाय. अजून तापायचाय," लोहार म्हणाला.

"बघा, लाल म्हणजे त्यातल्या त्यात थंड," सर म्हणाले.

लोहाराने सांडशी पुढे केली. "थंड ना? धरा मग."

*

एकदा स्टाफरूममध्ये सर सांगत होते, "एवढा अवाढव्य तारा, पण आपल्या हवेपेक्षाही विरळ. जवळजवळ पोकळच."

गणिताच्या कुलकर्णीबाई वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "परवा तपासणीला येऊन गेले ते साहेब."

*

पुढे सरांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशनची धास्ती, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नाही. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी मैदानावर ते गावकऱ्यांना आर्द्रा दाखवत होते. बोट होतं भलतीकडेच, तिथे तारा नव्हता. तुकारामने सरांचं मनगट धरलं आणि हात हलकेच सरकवला.

"हितं हाय ना, गुरुजी?"

"हो. तिथेच," सर म्हणाले.

तुकारामची नजर अशी, की समोरच्या डोंगरावर चरणारे आपले बैल तो शिंगांवरून ओळखायचा. दुसऱ्या दिवशी तो स्टाफरूमच्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, मला सोमवारी पनवेलला डोळ्याच्या डागदराकडं जायचंय. एकट्याला भ्या वाटतं. तुमी याल का सोबत?"

सर म्हणाले, "येतो."

आठवड्याने दोघे एसटीतून उतरले. पट्टी सरांच्या डोळ्याला होती.