सात दिवस हात लावू नये

ऋतुजाचा राग नाकाच्या शेंड्यावर, असं करमाळ्यातले तिचे सगळे नातेवाईक सांगतात. त्यात खोटं काही नाही. पण रागीट माणूस जे खुपतं ते बोलून मोकळा होतो. तिच्या घरातले बाकीचे गप्प बसण्यात पटाईत, आणि त्या गप्प बसण्यालाच ते माया म्हणायचे.

जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेहून परतताना टेंभुर्णीजवळ वडापची, भाड्यानं प्रवासी भरून नेणारी जीप उलटली. ऋतुजाची धाकटी बहीण सृष्टी आणि तिची मैत्रीण दानेश्वरी शेजारी शेजारी अडकल्या. क्रेन येईस्तोवर दानेश्वरी गेली होती. सृष्टीला फारसं खरचटलंही नव्हतं. घरच्यांनी दृष्ट काढली, कमलाभवानीची ओटी भरली आणि पोरीला मागच्या खोलीत निजवलं. वडिलांनी, म्हणजे सयाजीआबांनी, फर्मान काढलं. तो विषय काढायचा नाही, दानेश्वरीचं नाव घ्यायचं नाही, कुणाला भेटू द्यायचं नाही. मोबाईलही काढून घेतला. आपोआप विसरंल म्हणे. उन्हाळा लागला तरी पोर खोलीतच, आणि कुकरची शिट्टी झाली की भिंतीला चिकटून बसायची.

ऋतुजा सोलापुरात एम. फार्म. करत होती. तिचा विषयही नेमका हाच, मोठ्या धक्क्यानंतर मनात ठाण मांडून बसणारी भीती आणि तिच्यावरचं औषध. औषध तपासायचं तर आजारी उंदीर हवा, आणि तो आधी आजारी पाडावा लागतो. त्याला अरुंद नळीत कोंडायचं, मग पाण्यात पोहायला लावायचं, शेवटी गुंगी द्यायची. एवढं एका दिवसात उरकतं. पुढं सात दिवस त्याला एकट्याला पिंजऱ्यात ठेवायचं. उंदरांच्या खोलीच्या दारावर तिनंच पाटी लावली होती, 'सात दिवस हात लावू नये.'

आठव्या दिवशी तिनं बझर वाजवला. पांढरा उंदीर कोपऱ्यात जागच्या जागी थिजला. त्याचं ते बसणं तिच्या चांगलंच ओळखीचं होतं.

"सर, हे सात दिवस कशाला लागतात?" तिनं आपल्या मार्गदर्शकांना, गुरुराज सरांना विचारलं.

"धक्का एका दिवसाचा असतो. आजार मागाहून मुरतो," सर म्हणाले. "म्हणून त्याला एकटं ठेवायचं. मध्येच सोबत दिलीस तर कधी कधी आजार नीट मुरतच नाही, सगळी मेहनत वाया." मग तिचा चेहरा बघून त्यांनी सावरून घेतलं. "अर्थात, उंदरावरून माणसाचं लगेच ठरवू नये."

"नाही ठरवत," ती म्हणाली. "पण सर, उंदराला आठव्या दिवशी कुणीतरी बघतं तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं करमाळ्याची एसटी धरली. मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली, तिचा राग काही उतरेना. पोरीला लोणच्यासारखं मुरत ठेवलंय, आणि वर म्हणतात जीव लावतो. घराच्या उंबऱ्यातच आई, मथुराबाई, आडवी आली.

"हळू बोल. पडलीय ती."

"चार महिने झाले, आई. अजून किती पडू द्यायची?"

"तू तुझी उंदरं बघ," आबा कॉटवरून म्हणाले. "डाक्टर-बिक्टर केला तर गावभर व्हईल, सयाजीची पोरगी यडी झाली म्हणून. तिचं लगीन कोण करंल, तू?"

"लग्नाचं नंतर बघू. आधी ती जगू दे की."

ऋतुजानं आईला बाजूला सारलं आणि मागच्या खोलीचं दार सताड उघडलं. सृष्टी भिंतीकडं तोंड करून बसली होती. ऋतुजा खाली तिच्याजवळ बसली.

"सृष्टी, दानेश्वरीचं सांग मला."

"नाव काढू नगं!" मथुराबाई दारातून ओरडल्या.

सृष्टीनं मान वळवली. पण ती ऋतुजाकडं बघत नव्हती, आईकडं बघत होती.

"गोदावरीकाकू आल्या व्हत्या. दोनदा," ती म्हणाली. गोदावरीकाकू म्हणजे दानेश्वरीची आई. "मला हितं आवाज आला व्हता. तू त्यास्नी दारातनंच लावून दिलं."

"तुला तरास नगं म्हणून, बाई."

"दानेश्वरी लगीच न्हाय गेली, आई. माझा हात धरून बोलत व्हती. आईला सांग म्हणाली, मला लई दुखत न्हाय." सृष्टी उठून उभी राहिली. "तिची आई त्येच इचारायला आली व्हती, आन् तुमी मला चार महिने कोंडून ठिवलंय. सांगायचं कुणाला मी? ह्या भिंतीला?"

मथुराबाई दारातून बाजूला सरल्या. आबा उठले, चाचपडत म्हणाले, "थांब, गाडी काढतो."

"गाडीत न्हाय बसायची मी," सृष्टी म्हणाली. "काकूंकडं चालत जाती. ताई, तू चल. हे दोगं न्हाय आलं तरी चालंल."