राईकडची होडी

माझ्या आत्याला पोहता येत नव्हतं. होडी मात्र ती अशी हाकायची की पट्टीचे पोहणारे काठावर उभे राहून बघत. बुडालीस तर काय करशील, असं मी एकदा विचारलं. "बुडंन. तुला काय करायचंय?" म्हणाली.

भाटघरच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिचं घर आणि भाताची खाचरं त्याखाली गेली. गाव वर सरकलं. वाघजाईची राई पलीकडच्या टेकाडावर, ती तेवढी होती तिथे राहिली. पण मधे पाणी आलं. देवीला जाता यावं म्हणून आत्याच्या यजमानांनी होडी करून घेतली. पुढे ते गेले आणि वल्हं आत्याने हातात घेतलं. बाईमाणसाने होडी चालवावी का, यावर गावाने पुष्कळ तोंड वाजवलं. तिने ते ऐकूनही घेतलं नाही.

घरात काही बदललं की आत्या होडी काढायची. धाकटा मुंबईला गिरणीत लागला, तेव्हा गेली. थोरल्या सुनेने चूल वेगळी मांडली, तेव्हाही गेली आणि इतकी खुशीत परतली की सूनच फुगून बसली. राईत ती देवीकडे काही मागायची नाही. वहाणा बाहेर काढायची, जांभळीखाली घटकाभर बसायची आणि यायची. राईतलं पान तोडायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा तिथला रिवाज. घरी आल्यावर, शेजारणीची खुशाली सांगावी तसं सांगायची, "तितं काय बी हललं न्हाई."

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशावर चालू लागल्या. तेव्हा एक मक्तेदार कोळसा पाडायला राई मागत आला. देवळावर पत्रे घालून देतो म्हणाला, गड्यांना काम देतो म्हणाला. गाव विरघळलं. शेवटी देवीचा कौल घ्यायचं ठरलं. आत्याने जेवण सोडल्याचा निरोप मला भोरला मिळाला, तसा मी कचेरीतून रजा काढून गेलो.

राईतल्या देवळात गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना पाण्याने फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवं पडलं तर राई द्यायची, डावं पडलं तर नाही. सगळे फुलांकडे डोळे लावून बसले, आणि उजवं पडलं. मक्तेदाराने टोपी सारखी केली. मला आत्याकडे बघायचा धीर होईना, पण ती तर त्या पडलेल्या फुलाकडे निरखून बघत होती.

"गुरवबुवा, ही फुलं कुटली वो?"

गुरव गडबडला. फुलांची परडी तो घरीच विसरला होता, आणि आता कोण परत जाणार म्हणून त्याने राईतल्याच कुड्याची फुलं खुडली होती. राईला हात लावू का, हे देवीला विचारण्याआधीच हात लावून झाला होता. पाटलांनी कपाळावर हात मारला. हा कौल धरायचा नाही, कुणाच्या तरी दारची फुलं आणा, म्हणाले.

वारा सुटला होता आणि पाणी उसळत होतं. आत्या कुणाला न विचारता होडीत बसली. ती परत येईपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ओलीचिंब होऊन आली, ओच्यात दारच्या तगरीची फुलं. या खेपेला डावं पडलं. मक्तेदार बराच वेळ बोलत राहिला, पण ऐकायला कुणी थांबलं नाही. मला इतकं सुटल्यासारखं झालं की मी होतो तिथेच फतकल मारून बसलो.

संध्याकाळी ती पोटभर जेवली. परत उजवंच पडलं असतं तर, असं मी विचारलं. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "तर आनखी येकदा इचारलं असतं. आईला काय घाई हाय?"

काही वर्षांनी आत्या तापाने गेली. दिवसकार्य उरकेपर्यंत मी कसाबसा घरात राहिलो, मग होडी काढून एकटाच राईत गेलो. वर माकडांची भांडणं चालली होती. जांभळं पडून खाली सडा झाला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या. आत्या गेल्याचं तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्याचा मला इतका आधार वाटला की त्या झाडाखाली बसून मी पहिल्यांदा पोटभर रडलो.